पावसात जुनी गाडी सुरू होईना? पुसायच्या आधी दोष शोधा

मृगाचा पहिला पाऊस पडला की जुन्या पेट्रोल गाडीवाल्यांची सकाळ बॉनेटखाली जाते. सेल्फ मारला की इंजिन फिरतं पण पेटत नाही, किंवा पेटतं आणि मिसिंग मारत, म्हणजे अडखळत, राहतं. मग डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून फडक्यानं पुसायची, प्लगच्या तारा हलवायच्या, फुंकर मारायची. पाच-दहा मिनिटांत गाडी चालू होते. दुपारी ऊन पडतं, दिवसभर काही तक्रार नसते आणि पुढच्या पावसात पुन्हा तोच प्रकार.

हे वर्षानुवर्षं चालतं, कारण पुसताना आपण दोषाचा पुरावाच पुसून टाकतो. करंट कुठून गळतोय हे ओल असेपर्यंतच दिसतं. गाडी वाळवून गॅरेजला नेली तर मेस्त्रीलाही काही सापडत नाही आणि मग अंदाजानं एकेक पार्ट बदलणं सुरू होतं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी बघायचं, मग तपासायचं, कोरडं सगळ्यात शेवटी करायचं.

हे सगळं डिस्ट्रिब्युटर, म्हणजे कॉइलचा करंट पाळीपाळीनं प्रत्येक प्लगला वाटणारा भाग, असलेल्या गाड्यांसाठी आहे. कार्बोरेटरची मारुती ८००, ओम्नी, जिप्सी, पद्मिनी, अँबेसिडर यांत गॅरेजवाले ज्याला डेल्को म्हणतात तो हाच भाग. डिझेल गाडीला स्पार्कच नसतो. ती पावसात बंद पडली तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

ओल नेमकं काय करते

बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये जाऊन हजारो व्होल्ट होतात. प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला साधारण १० ते २० हजार व्होल्ट लागतात, कधी त्याहून जास्त. हा विजेचा दाब (व्होल्टेज) कॉइलपासून प्लगच्या टोकापर्यंत न गळता पोचला पाहिजे. वाटेत कुठे सोपा रस्ता मिळाला तर करंट तिथूनच इंजिनच्या लोखंडात उतरतो आणि प्लगला ठिणगीच मिळत नाही.

हा सोपा रस्ता आपल्याकडे उन्हाळ्यात तयार होतो. मार्च ते मे काळ्या मातीची बारीक धूळ बॉनेटखाली शिरते आणि इंजिनच्या तेलकट वाफेमुळे तारांवर, टोपीवर, कॉइलच्या डोक्यावर चिकटून बसते. वाळलेली असते तोवर ती फारसा त्रास देत नाही. पण जूनमध्ये दमट हवा सुटली की हाच थर ओला होतो आणि त्यातले क्षार करंटला वाट करून देतात. मुसळधार पावसापेक्षा भुरभुर जास्त छळते, तेही यामुळेच. समोरच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेलं बारीक तुषार जाळीतून आत येतं, पंखा ते इंजिनभर पसरवतो आणि हळूहळू सगळ्यावर ओलीचा पापुद्रा धरतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. प्लग झिजला की त्याची फट वाढते, आणि फट वाढली की ठिणगीला लागणारा दाबही वाढतो. दाब वाढला की कोरड्या दिवशी कशीबशी टिकणारी जुनी तार ओल्या दिवशी तग धरत नाही. म्हणजे गळते तार, पण तिला गळायला लावतो प्लग. नुसती तार बदलली तर काही महिने बरे जातात आणि मग टोपी गळू लागते.

इंजिनवर भार आला की सिलेंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला आणखी जोर लागतो. त्यामुळे सपाट रस्त्यावर नीट चालणारी गाडी मांजरसुंब्याच्या किंवा कन्नडच्या घाटात चढाला लागली की पावसात धक्के द्यायला लागते. गॅस किटवरच्या गाडीत हे आणखी लवकर कळतं, कारण गॅसच्या मिश्रणाला पेट्रोलपेक्षा जास्त दाबाची ठिणगी लागते. ओल्या दिवशी गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर टाकली की साफ, असं होत असेल तर बहुतेक वेळा किट निर्दोष असतं. आधी प्लग आणि तारा बघा.

दोष करंटचाच आहे का?

सेल्फ मारल्यावर इंजिन मुळी फिरतच नसेल, किंवा ‘कट्’ आवाज येऊन थांबत असेल, तर तारांना हात लावू नका. बॅटरीची टर्मिनल आणि इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी बघा. पावसाळ्यात टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरते. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर इंजिन फिरेल, पण कॉइलला पुरेसा करंट मिळणार नाही. पावसात दिवे, वायपर, ब्लोअर सगळं चालू असतं. सेल्फ मारण्याआधी ते बंद करा. जुन्या बॅटरीला एवढ्यानंही फरक पडतो.

इंजिन जोमानं फिरतंय पण पेटत नाही, अशा वेळी प्रश्न करंट की पेट्रोल एवढाच उरतो. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वास आला, किंवा प्लग काढल्यावर त्याचं टोक पेट्रोलनं ओलं निघालं, तर पेट्रोल पोचतंय आणि ठिणगी नाही. टोक कोरडं ठाक असेल तर पंप, फिल्टर, कार्बोरेटर यांच्या मागे लागा. एअर फिल्टरचा कागद पाण्यानं भिजून लगदा झाला असेल तरी इंजिन गुदमरतं, तोही याच वेळी उघडून बघा.

पावसात पेट्रोलच्या टाकीतही पाणी जातं, झाकणाचं रबर गेलेलं असेल तर हमखास. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. थोडं पाणी ते सामावून घेतं, पण जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात आणि नेमकं तेच आधी इंजिनात जातं. पारदर्शक फिल्टर असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. टोपी-तारा पुसून काडीचाही फरक पडला नाही तर हा संशय मनात ठेवा.

आणखी एक फरक ओळखायला हवा. गाडी सकाळी सुरू होते, अर्धा तास चालते, गरम झाली की बंद पडते आणि गार झाली की पुन्हा सुरू होते. यात ओलीचा संबंध नाही. कॉइल, कंडेन्सर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूल तापल्यावर सोडून देतंय. ओलीचा दोष बरोबर उलट वागतो: इंजिन तापलं की स्वतःच वाळतो आणि गाडी सुधारत जाते.

हात घालण्याआधी

चालू इंजिनवर प्लगच्या तारा उघड्या हातानं ओढू नका. पॉइंटच्या गाडीचा (जिथे डिस्ट्रिब्युटरमधली उघडझाप करणारी दोन टोकं कॉइलचा करंट जोडतात-तोडतात) झटकाही जोरदार असतो, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा त्याहून वाईट. छातीत पेसमेकर असलेल्यांनी ही तपासणी करूच नये आणि बॉनेटजवळ उभंही राहू नये. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी गळती शोधा, ठिणगीची तपासणी नंतर. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. अंधारात काम करताना बाही, ओढणी, लटकणारी चेन पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवा.

अंधारात बघा

सगळ्यात चांगली तपासणी फुकट होते. पाऊस पडून गेलेली दमट रात्र निवडा, गाडी अंगणात किंवा मोकळ्यावर उभी करा, आसपासचे दिवे बंद करा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, बॉनेट उघडं, इंजिन चालू. एक-दोन मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. मोबाइलचा टॉर्चही नको.

गळती असेल तर ती दिसते. तारेभोवती फिकट जांभळी झाक दिसली तर इन्सुलेशन म्हातारं झालं आहे. तारेवरून इंजिनच्या लोखंडाकडे निळी ठिणगी उडत असेल आणि तिच्याबरोबर ‘टिक टिक’ ऐकू येत असेल तर गळतीची जागाच सापडली. कधी ठिणगी उडी मारत नाही, टोपीच्या दोन बुरजांच्या (जिथे तारा बसतात त्या उंचवट्यांच्या) मधून बारीक सुतासारखी सरपटते. कधी ती प्लगच्या रबरी बुटाखालून निघून हेडवर उतरते. जी जागा दिसेल ती लक्षात ठेवा, दुसऱ्या दिवशी तिथे खडूनं खूण करा. एक गळती दिसली म्हणून थांबू नका, दुसरी बाजूही बघून घ्या.

सोबत कोणाला तरी बसवा आणि अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात दाबून सोडायला सांगा. त्या क्षणाला दाब वाढतो आणि लपलेली गळती उघडी पडते.

पाण्याचा फवारा

पाऊस नसेल तर तो अंगणात आणता येतो. कपड्यांना इस्त्री करताना मारतात तसली फवाऱ्याची बाटली आणि साधं बोअरचं पाणी घ्या. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात, त्यामुळे मुद्दाम मीठ घालायची गरज नाही. मीठ घालूही नका, ते मागे गंज ठेवून जातं.

इंजिन चालू ठेवा आणि एका वेळी एकाच भागावर हलकं धुकं मारा. खालच्या भागापासून सुरुवात करा, कारण वर मारलेलं पाणी खाली ओघळतं आणि मग कोणता भाग गळला ते कळत नाही. प्रत्येक फवाऱ्यानंतर दहा-पंधरा सेकंद थांबून आवाज ऐका. क्रम असा: प्लगचे बूट एकेक करून, मग प्रत्येक तार, मग टोपी, मग कॉइलकडून टोपीत येणारी मधली तार, शेवटी कॉइलचं डोकं. ज्या फवाऱ्याला इंजिन अडखळलं तो भाग दोषी. तिथेच थांबा, तो भाग वाळवा, इंजिन पुन्हा सरळ झालं तर खात्री झाली.

अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, कार्बोरेटरचं तोंड यांच्यावर पाणी मारायचं नाही. आणि धुकंच मारायचं. धार सोडली तर चांगली गाडीही बंद पडेल आणि त्यातून काहीच कळणार नाही.

मिसिंग आहे पण कोणता सिलेंडर झोपलाय ते कळत नसेल, तर गार इंजिन सुरू करून मिनिटभरानं एक्झॉस्टच्या प्रत्येक नळीवर पाण्याचे दोन-चार थेंब टाका. मारुतीत आधी वरचा पत्रा काढावा लागेल. पेटत्या सिलेंडरच्या नळीवर थेंब चुर्र होऊन उडतात, झोपलेल्याच्या नळीवर तसेच बसून राहतात. थेंबच टाका. तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर पाणी ओतलं तर त्याला चीर जाईल.

टोपी आणि रोटर

सकाळी सुरू न होणाऱ्या गाडीत पहिला संशय मी टोपीवरच घेतो. रात्री हवा गार होते, टोपीच्या आत दव धरतं. बाहेरून टोपी कोरडी आणि आत थेंब, असं अनेकदा असतं.

काढण्याआधी तारांवर चिकटपट्टी लावून आकडे लिहा. तीन सिलेंडरच्या मारुतीची फायरिंग ऑर्डर १-३-२ आहे, पद्मिनी-अँबेसिडरची १-३-४-२. एक तार चुकीच्या जागी बसली तरी गाडी फटाके वाजवेल आणि ओलीचा दोष बाजूलाच राहील. सोपा उपाय म्हणजे तारा न काढता नुसती टोपी उचलून उलटी करणं.

आता ती उजेडात तिरकी धरा. आतल्या पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या टोकांच्या मधे, टोकापासून खालच्या काठापर्यंत, केसाएवढी काळी रेघ दिसते का? फांद्या फुटलेली, पेन्सिलनं ओढल्यासारखी. ती रेघ म्हणजे करंटनं प्लॅस्टिक जाळून केलेली कोळशाची कायमची वाट. फडक्यानं ती पुसली जात नाही. काही जण ती पॉलिश पेपरनं घासतात किंवा ब्लेडनं खरवडतात. रस्त्यात घरी पोचण्यापुरता हा उपाय ठीक आहे, पण खरवडलेल्या जागी ओल जास्तच धरते. रेघ दिसली की टोपी बदलायची, यात दुसरं मत नको.

टोपीच्या मध्यभागी आत कार्बनचा छोटा खुंट असतो, त्यामागे स्प्रिंग. बोटानं दाबला की तो परत वर आला पाहिजे. तो झिजला किंवा अडकला तर रोटरपर्यंत, म्हणजे टोपीखाली फिरून करंट वाटणाऱ्या तुकड्यापर्यंत, करंट उडी मारून जातो, आत जळकी पूड जमते आणि हीच पूड ओलीत वाट बनते. बाहेरच्या बुरजांत, जिथे तारा बसतात, तिथे हिरवी किंवा पांढरी पूड असेल तर बारीक पॉलिश पेपर काडीला गुंडाळून साफ करा. चीर शोधायला टोपी दोन्ही हातांत धरून हलकी पिळा. दाबल्यावर उघडणारी चीर एरवी दिसतच नाही.

रोटर बहुतेक जण नुसता बघतात आणि परत बसवतात. त्याच्या पोटातलं इन्सुलेशन फुटलं असेल तर करंट खालच्या लोखंडी शाफ्टमध्ये उतरतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पॉइंटच्या गाडीत जुन्या उस्तादांची एक तपासणी आहे. टोपी बाजूला ठेवा, रोटर जागेवर असू द्या. मधली तार रबरी मुठीच्या पक्कडीत धरून तिचं टोक रोटरच्या मधल्या पट्टीपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. रोटर चांगला असेल तर ठिणगी उडायचं कारण नाही, तिला जायला वाटच नसते. जोरदार ठिणगी उडाली तर रोटर गळतोय. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत हे करू नका, मॉड्यूल जळू शकतं. तिथे सरळ नवा रोटर घालून बघा, तो महाग नसतो.

बाजारात या दोन्ही वस्तू डुप्लिकेट भरपूर मिळतात. वरून सारख्या दिसल्या तरी प्लॅस्टिक हलकं असतं आणि एका पावसाळ्यात रेघ पडते. ओळखीच्या दुकानातून, कंपनीच्या पॅकिंगमधलीच घ्या.

तारा आणि प्लग

तारेच्या आतला वाहक तुटला आहे का, एवढंच मल्टिमीटर सांगतो. कार्बनच्या तारेत लांबीनुसार काही हजार ओहम ते वीसेक हजार ओहमपर्यंत आकडा येतो. सगळ्या तारा एकमेकींशी ताडून बघा. एखादी लांबीच्या मानानं फारच वेगळी निघाली किंवा आकडा येतच नसेल तर ती गेली. पण आकडा बरोबर आला म्हणून तार चांगली असं म्हणता येत नाही. मीटरची छोटी बॅटरी वीस हजार व्होल्टचा दाब देत नाही, त्यामुळे इन्सुलेशनची गळती त्याला दिसत नाही. ती अंधारात किंवा फवाऱ्यातच दिसते.

तार बोटांत वाकवून बघा. बारीक तडे, कडकपणा, मॅनिफोल्डला टेकून वितळलेला चट्टा, उंदरानं कुरतडलेली जागा. पावसाळ्यात शेतातून हुसकलेले उंदीर गरम इंजिनवर येऊन बसतात, ही खेड्यापाड्यातली नेहमीची गोष्ट आहे. तारा एकमेकींना किंवा लोखंडाला चिकटून जात असतील तर क्लिपा लावून वेगळ्या करा.

प्लग काढायचा असेल तर तार ओढू नका, बूट धरून पिळत काढा. प्लगच्या खोबणीत पाणी किंवा तेल साचलंय का बघा. तेल असेल तर वरचं पॅकिंग गेलं आहे. ते तेल रबर फुगवतं, मग बूट घट्ट बसत नाही आणि आत ओल शिरते.

प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर उभी बारीक काळी रेघ असेल तर करंट बाहेरूनच उतरतोय. प्लग आणि त्यावरचा बूट दोन्ही बदला, कारण रेघ बुटाच्या आतही उमटलेली असते. षटकोनाच्या लगेच वर तपकिरी कडं दिसलं तर मात्र घाबरू नका, ते उच्च दाबानं चिकटलेल्या तेलकट कणांचं असतं आणि निरुपद्रवी आहे. फट फिलर गेजनं मोजा. मारुती ८०० ला ०.७ ते ०.८ मिलिमीटर, जुन्या पॉइंटच्या गाड्यांना साधारण ०.६. तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा असेल तर तोच खरा. फट १ मिलिमीटरवर गेली असेल तर पावसातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ मिळालं असं समजा.

ठिणगीच नसेल तर

टोपीत येणाऱ्या मधल्या तारेवर ठिणगी आहे का, हा पहिला प्रश्न. तारेला एक जादा प्लग लावा, त्याचं लोखंडी अंग जंप केबलनं इंजिनला पक्कं जोडा, कार्बोरेटर आणि उघड्या प्लगच्या भोकांपासून लांब ठेवा, मग सेल्फ मारा. हातात धरायचा नाही. तार नुसती हवेत लटकत ठेवून सेल्फ मारणंही चुकीचं आहे. उघड्या हवेत अशक्त ठिणगीही प्लगची छोटी फट ओलांडते, म्हणून फट वाढवता येणारा स्पार्क टेस्टर मिळाला तर जास्त विश्वासाचा.

मधल्या तारेवर निळी, टणक ठिणगी आहे आणि प्लगवर नाही, तर दोष टोपी, रोटर, तारा यांतच आहे. मधल्या तारेवरही नसेल तर कॉइल आणि तिच्या अलीकडचं बघा. पॉइंटच्या गाडीत कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला आणि बॉडीला टेस्टचा बल्ब लावून सेल्फ मारा. बल्ब लुकलुकला तर पॉइंट आपलं काम करतायत, कॉइलवर संशय घ्या. एकसारखा पेटून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांच्यावर पापुद्रा आहे. पेटलाच नाही तर कॉइलपर्यंत करंट येत नाही किंवा पॉइंट कायम अर्थ झाले आहेत.

महिनाभर उभ्या राहिलेल्या पद्मिनीत पापुद्र्याचा प्रकार हमखास आढळतो. दमट हवेत पॉइंटच्या तोंडावर राखाडी थर धरतो. पॉइंट मिटवून त्यांच्यात कोरा जाड कागद ओढला तरी अनेकदा गाडी चालू होते. नंतर नीट साफ करून फट साधारण ०.४ मिलिमीटर लावा. पॉइंट काळे पडून एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ झालं असेल तर कंडेन्सरही बदला.

कॉइलचं डोकं पुसून तडा शोधा. बिनरेझिस्टरच्या कॉइलच्या दोन छोट्या टर्मिनलमध्ये साधारण ३ ओहम मिळतात, बाहेर रेझिस्टर असलेलीच्या साधारण दीड.

डिस्ट्रिब्युटर नसलेल्या नंतरच्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणाऱ्या) गाड्यांत कॉइल थेट प्लगवर किंवा शेजारी असते. तिथे बूट, कॉइलचा तडा आणि सेन्सरच्या कनेक्टरमधली हिरवी पूड एवढं बघून पुढे स्कॅनर लावणं शहाणपणाचं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग) असेल तर मिसिंग घेऊन लांब चालवू नका, न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन तो तापतो आणि निकामी होतो.

रस्त्यातच बंद पडली तर

गाडी रस्त्याच्या बाहेर घ्या, धोक्याचे दिवे लावा. बॉनेट उघडून अर्धा मिनिट नुसतं बघा: पाणी कुठे ओघळलंय, कोणता बूट सुटलाय, टोपीवर थेंब आहेत का. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, घरी गेल्यावर तोच उपयोगी पडतो. मग सुती फडक्यानं कॉइलचं डोकं, मधली तार, टोपी बाहेरून-आतून आणि बूट आतून पुसा. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे ओल हटवतो, पण तो पेट घेणारा आहे. टोपीत मारला तर वाफ उडून जाईपर्यंत थांबा आणि पुसून घ्या. तो इन्सुलेशन दुरुस्त करत नाही.

सलग सेल्फ मारत राहिलात तर प्लग पेट्रोलनं भिजतात. दहा सेकंदांच्या वर मारू नका, मधे मिनिटभर थांबा. भिजलेच असतील तर चोक आत ढकला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि तसाच सेल्फ मारा.

मृगाच्या आधी

मे संपता संपता हे काम करून टाकावं. टोपी, तारा, कॉइल यांवरची उन्हाळ्याची धूळ ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं पुसा. तेलकट असेल तर साबणाच्या पाण्याचं फडकं वापरा. पेट्रोल किंवा डिझेलनं तारा धुवू नका, रबर खराब होतं. वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून प्रेशरनं इंजिन धुवायला देऊ नका.

बुटांच्या आतल्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. टोपीच्या बुडाचं रबर गेलं असेल तर बदला, पण सगळ्या डिस्ट्रिब्युटरला एम-सील किंवा टेप गुंडाळून बंद करू नका. त्याला हवा जायला भोक दिलेलं असतं. ते बुजलं की ठिणगीतून तयार होणारे वायू आणि ओल आतच कोंडतात आणि त्रास वाढतो.

वायपरखालच्या पन्हाळीत कडुनिंबाची पानं साचून पाणी वाहायचं भोक बंद होतं, मग तेच पाणी इंजिनवर ओघळतं. ते भोक तारेनं मोकळं करा. चाकाच्या आतला प्लॅस्टिकचा पडदा निघून गेलेला असेल तर परत लावा. ओम्नीत हे सगळ्यात जरुरीचं, कारण तिचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे आणि चाकाचं पाणी खालून थेट तिथे येतं. पद्मिनी-अँबेसिडरचा पंखा पट्ट्यावर कायम फिरतो. डबक्यातून वेगात नेली की तो पाणी उचलून इंजिनवर मारतो, तिथे पहिल्या गिअरवर हळू जा.

गाडीत एक रोटर, एक टोपी, एक जादा प्लग, प्लगचा पाना, सुती फडकं आणि टॉर्च ठेवा. जुन्या गाडीचे पार्ट तालुक्याच्या गावी मिळतीलच असं नाही.

पाण्यात बंद पडली असेल तर

पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायचीच नाही, फरशी पूल असो की मोठा. पण साचलेल्या पाण्यात इंजिन अचानक ठप्प होऊन थांबलं असेल तर वरचं काहीही करू नका आणि सेल्फ मारू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलेंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही. सेल्फच्या जोरानं कनेक्टिंग रॉड वाकतो. धक्का स्टार्ट तर अजिबात नाही.

गाडी ढकलून कोरड्यावर आणा. एअर फिल्टर उघडा. तो कोरडा असेल तर बहुधा फक्त इग्निशन भिजलंय, वरच्या क्रमानं जा. ओला असेल तर सगळे प्लग काढा, मधली तार कॉइलकडून काढून ठेवा, कॉइलला येणारा करंट तोडा आणि प्लगच्या भोकांवर तोंड न आणता सेल्फ मारा. आत पाणी असेल तर फवारा उडेल. पाणी यायचं थांबल्यावर ऑइलची काडी काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर इंजिन चालू न करता गाडी ओढून न्या, आणि ऑइल व फिल्टर बदलल्याशिवाय पुन्हा सेल्फ मारू नका.